राखणीचं फळ

भूत फक्त रात्रीच येतं, असं ज्याला वाटतं त्यानं हे वाचूच नये.

हे सगळं भर उन्हात घडलंय. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीत एक वाडी आहे, तिथं. मागच्या मार्गशीर्षात. वाडीचं नाव मी देणार नाही, कारण तिथं अजून माणसं राहतात आणि त्यांच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत. ज्या जपानी बेटावरून हे आलं, त्याचंही नाव देणार नाही. त्या बिचाऱ्या बेटाचा यात काही दोष नाही.

बाकी अक्षरन् अक्षर खरं आहे.

ज्याच्यावर हे बेतलं तो सुहास माझा सख्खा आतेभाऊ. मी महाडला असतो, कचेरीत कारकून आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता... म्हणतोय.

वाडीतली पोरं मुंबईला जातात. सुहास शेतकीचं शिकला होता, तो मुंबईतल्या एका संस्थेमार्फत थेट जपानला गेला. शेतावर काम करायला. बेट इवलंसं होतं. होडीतून उतरलं की समोर डोंगर, आणि डोंगरभर दगडी बांध. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, आपण फिरून पोलादपूरलाच आलो की काय! फरक एवढाच, की आपल्याकडे बांधावर नाचणी आणि वरी, आणि तिथं मिकान. मिकान म्हणजे त्यांचं संत्रं. लहान, सैल सालीचं, फार गोड. पिढ्यानपिढ्या बेटाचा तोच धंदा. पण तरुण माणसं शहरात गेलेली, निम्म्या घरांना कुलपं. तेही त्याला ओळखीचंच वाटलं.

तो ज्या बागेत कामाला होता ती फुमिए नावाच्या एका म्हातारीची होती. नवरा गेलेला. एकुलता मुलगा समुद्रात बुडालेला. घरात ती एकटी. पाठ वाकलेली, पण दिवसभर शिडीवर. शिडी पण कशी, तीन पायांची. डोंगरउतारावर तीच नीट उभी राहते म्हणे.

सुहास तिला आजी म्हणायचा. चक्क मराठीत. तिला ते आवडलं होतं.

तिनं त्याला फळ कापायला शिकवलं. मिकान ओढून तोडत नाहीत, कात्रीनं कापतात. आणि एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी देठ लांब ठेवून फळ फांदीवरून सोडवायचं. दुसऱ्या वेळी तो देठ फळाच्या अगदी अंगाशी उडवायचा. नाहीतर टोपलीत तो शेजारच्या फळाला टोचतो आणि सगळीच नासतात.

कट्... कट्.

हिवाळाभर बेटावर हाच आवाज असायचा.

दुपारी ती त्याला हाक मारून घरात बोलवायची आणि पुढ्यात भात ठेवायची. त्यानं तिला एक वाक्य शिकवलं होतं, ‘जेवलास का?’ जपानी जिभेला ‘ल’ वळत नाही. ती म्हणायची, “जेवरास का?” आणि स्वतःच हसायची. परमुलखात इतकी माया कोण करतं हो? आम्ही इकडे फोनवर ऐकायचो आणि आत्या म्हणायची, माझ्या पोराला तिकडं आय भेटली.

म्हणूनच पुढचं ऐकताना मला अजून संताप येतो.

म्हातारीच्या घरामागे एक जुनं झाड होतं. नवऱ्यानं लावलेलं. त्याच्या फळाची गोडी बेटावर दुसऱ्या कुठल्याच झाडाला नव्हती. सुहासनं दोनदा-तीनदा विचारलं, आजी, याची कलमाची काडी दे, मी घरी लावतो. एरवी काहीही देणारी बाई... याला मात्र नाही म्हणाली.

“हे झाड बेट सोडायचं नाही. मी पण नाही.”

आणि त्या झाडाची एक रीत होती. सगळी फळं उतरवली तरी शेंड्यावरचं एक फळ ठेवायचं. त्याला हात लावायचा नाही. ते झाडाची राखण करतं. ते आहे म्हणून पुढल्या साली झाड पुन्हा फळतं, घर उभं राहतं. आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं का? सुहासला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

कळूनही त्यानं केलं.

त्याची मुदत संपली. सकाळच्या होडीनं निघायचं होतं. परत येऊन मुंबईत कुणाच्या खोलीत पथारी टाकायची नव्हती, वाडीत स्वतःची बाग करायची होती. म्हातारी चुलीपाशी त्याच्यासाठी डबा भरत होती, तेवढ्यात तो मागे गेला. जुन्या झाडाच्या काड्या कापल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

मग त्याची नजर वर गेली.

शेंड्यावर ते एक फळ.

आपल्याकडे नवं झाड लावलं की त्याचं पहिलं फळ राखणदाराला देतात. गावाची, शिवाराची राखण करणारा देव तो. त्याचा मान दिला नाही तर झाड लागत नाही. सुहासच्या डोक्यात तेच घुसलं. हे फळ आपल्या राखणदारापुढे ठेवू, म्हणजे चोरीचा दोष पण जाईल आणि झाड पण लागेल. देवाच्या नावावर खपवलं की पाप पचतं, हे आपल्या लोकांना कोण शिकवतं कोण जाणे.

त्यानं शिडी लावली आणि फळ काढलं.

म्हातारी त्याला पोचवायला धक्क्यावर आली होती. तिनं त्याला डबा दिला. आणि स्वतःची छाटणीची कात्री दिली, भेट म्हणून. वापरून वापरून तिच्या मुठीवरचा लाल रंग गेलेला. होडी सुटली तरी ती वाकून हात हलवत होती.

तिनं अजून झाड पाहिलं नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर सुहासच्या फोनवर तिथल्या नेपाळी सोबत्याचा निरोप आला. म्हातारी गेली. त्याच दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांना घरामागे सापडली. तीन पायांची शिडी झाडाला लावलेली. ती शेंड्यापर्यंत चढली असावी आणि तिथून पडली असावी. एवढ्या वर कशाला गेली, कुणालाच कळेना.

सुहासला कळलं. त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

तो वाडीत आला त्या रविवारी राखणदारापुढे नारळ ठेवला गेला. वाडीच्या टोकाला ऐनाच्या झाडाखाली शेंदराचा दगड आहे, तोच राखणदार. गाऱ्हाणं घालायला गोमाजीतात्या. वाडीतला सगळ्यात वयस्कर माणूस, देवाचं काम तेच करतात.

तात्यांनी फळ हातात घेतलं.

“पयलंच फळ हाय ना रे?”

“होय तात्या. पहिलंच.”

“बग हां. त्याला खोटं चालत नाय.”

“पहिलंच आहे.”

आणि तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. “बा राखणदारा, तुझं लेकरू परमुलखातनं नवं झाड घेऊन आलंय. त्याचं पयलं फळ तुझ्या पायाशी ठेवलंय. मान घे आणि राखण कर रे म्हाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” सुहास पण म्हणाला.

देवापुढचं फळ सकाळपर्यंत राहत नाही. माकडं नेतात, नाहीतर कावळे. हे फळ सकाळी जागेवर होतं. दुसऱ्या दिवशीही. मुंगीसुद्धा लागली नाही. वाळलं नाही, सडलं नाही. पावसाळा आला, तेव्हा मात्र एक दिवस दिसेनासं झालं आणि सगळ्यांनी विषय सोडला.

सुहासनं जंबेरी लिंबाच्या रोपांवर कलमं बांधली होती. सगळी वाळली. एक जगलं.

ते मात्र असं वाढलं, की बघायला शेजारच्या वाड्यांतून लोक यायचे. घराच्या मागच्या पडवीपासून हाकेच्या अंतरावर. मधल्या काळात सुहासचं लग्न झालं. बायको रूपाली, सावित्रीकाठच्या तुडीलची. मोठी खमकी. त्यांना ओम झाला. माझ्या आत्याचे यजमान श्रीपतराव नातवाला खांद्यावरून उतरवेनात. आत्यानं त्याच्या कमरेला काळा करदोटा बांधला आणि त्यात एक घुंगरू ओवलं, म्हणजे पोर कुठं रांगतंय ते कळावं. पुढे तो दुडूदुडू धावायला लागला तरी घुंगरू तसंच होतं. घरभर छुन छुन चालायचं.

आणि मागच्या मार्गशीर्षात झाडाला फळं धरली. भरगच्च. पानं दिसेनात.

तिथून सुरू झालं.

एका दुपारी सुहास पडवीत बसला होता. ऊन चांगलंच तापलेलं. मागून आवाज आला.

कट्... कट्.

त्याला वाटलं, बाबा फळं उतरवतायत. त्यानं हाक मारली. श्रीपतराव पुढच्या अंगणातून “काय रे?” म्हणाले.

तो मागे गेला. झाडाखाली कुणी नव्हतं.

पण घरातली वेताची पाटी तिथं होती, आणि तिच्यात फळं. नीट रचलेली. एकाही फळाला देठ टोचत नव्हता. मातीत देठांचे बारीक तुकडे पडलेले.

आणि झाडाभोवती मातीत तीन खड्डे. शिडीचे पाय रुतावेत तसे.

सुहासच्या घरात शिडी आहे. दोन पायांची.

तो धावत आत गेला. म्हातारीची कात्री खुंटीला टांगलेली होती, ती त्यानं कधी वापरलीच नव्हती. त्यानं पात्याला बोट लावलं.

ओलं होतं. बोटाला मिकानच्या सालीचा वास आला.

आत्या पाटी बघून खूश. “किती छान उतरवलीस रे!” म्हणाली. सुहास काही बोलला नाही. माणूस एकदा खोटं बोलला की गप्प बसणं त्याला सोपं जातं.

दोन दिवस गेले. पुन्हा दुपारी...

कट्... कट्.

या वेळी झाडापाशी फळं नव्हती. गोठ्यातून तांबूच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येईना. गाय गोठ्यात नव्हती. दावं कापलेलं. एक लांब टोक खुंट्याला लोंबत होतं, आणि खाली मातीत दाव्याचा एक बोटभर तुकडा वेगळा पडला होता.

दोनदा कापलेलं.

तांबू खालच्या दरीत मेलेली सापडली. लोक म्हणाले वाघरू मागे लागलं असेल. दावं कुणी कापलं, हे कुणी विचारलं नाही. सुहासनं तो तुकडा उचलून खिशात घातला.

आता तरी बोलायचं ना! नाही बोलला.

पुढचा नंबर श्रीपतरावांचा लागला.

सकाळची न्याहारी करून ते मागे जाऊन बसले होते. जेवायला हाक मारली, ओ आली नाही. रूपाली बघायला गेली. ते झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेले होते. डोळे उघडे. वर बघत होते. अंगावर ओरखडाही नव्हता.

मला फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. तसाच निघालो. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मयताला आंघोळ घातली की त्याच्या कमरेचा करदोटा तोडतात. रीत आहे. गोमाजीतात्या विळा घेऊन पुढे झाले. धोतर सैल केलं...

कमरेला करदोटा नव्हता.

तात्यांचा हात तसाच राहिला. “श्रीपत बिनकरदोट्याचा राहील?” ते म्हणाले. “उभ्या जल्मात नाय राह्यला.”

सुहास उठून मागे गेला. मी त्याच्या मागे. बुंध्याशी, श्रीपतराव बसले होते तिथंच, करदोटा पडला होता. आणि बाजूला त्याचाच एक बारीकसा तुकडा.

सुहास मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बाप गेल्याचं रडणं नव्हतं ते. तिथं, त्या झाडाखाली, त्यानं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

मी त्याला शिव्या घातल्या. आणि वर झाडाकडे बघितलं. इतकं लगडलेलं झाड जवळजवळ रिकामं झालं होतं. घरातल्या कुणीही एक फळ तोडलं नव्हतं.

बाराव्यानंतर त्यानं तात्यांपुढे आणि रूपालीपुढे कबूल केलं. तात्या बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मळून झाली तरी तोंडात टाकली नाही.

“शेवटचं फळ पयलं म्हणून ठेवलंस?”

“हो तात्या.”

“माझ्या तोंडानं वदवलंस ते?”

सुहासनं तात्यांचे पाय धरले.

“मी काल राखणदाराकडं गेलतो,” तात्या म्हणाले. “नारळ ठेवला. कौल लावला. काय बी लागंना. जागा रिकामी वाटली रे. ह्या घरावरनं त्यानं हात काढला. आता तुझ्या दारात जी राखण बसलीय, ती आमची नाय. तिला माझं गाऱ्हाणं कळायचं नाय.”

“मग करायचं काय?”

“तुझी ती म्हातारी. तूच बोल तिच्याशी.”

रूपाली एवढा वेळ दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिनं सुहासच्या एक थोबाडीत ठेवून दिली. सासू समोर, तात्या समोर.

“तिनं तुला पोरासारखं जेवाय घातलं, आणि तू तिच्या घराची राखण तोडून आणलीस? माझा सासरा खाल्लास. आता माझ्या पोराला कोण राखायचा?”

तिच्याकडे बघवत नव्हतं. तिनं ओमला कडेवर घेतलं आणि म्हणाली, मी तुडीलला जाते, आता निघते. कुणी अडवलं नाही. मीच त्या दोघांना मोटारसायकलवरून खाली पोलादपूरला आणलं आणि रिक्षात बसवलं. ओम मजेत होता. मला टाटा केला. घुंगरू वाजत होतं, तेवढं मला पक्कं आठवतंय.

मी महाडला परतलो. आत्याला शेजारीण घेऊन गेली होती. सुहास घरात एकटा.

उन्हं कलली होती. तो मागच्या पडवीत झाडाकडे बघत बसला. झाडावर आता एकच फळ होतं. शेंड्यावर. मघाशी दोन होती का? असावीत. त्याला नक्की सांगता येत नाही.

वारा नव्हता. कुत्री नाहीत, पाखरं नाहीत. खालच्या घरातला टीव्ही चालू असायचा, तोही ऐकू येईना.

फोन वाजला. रूपाली.

“पोचलो,” ती म्हणाली. आवाज चढलेला. “ओमचा करदोटा कुठंतरी पडला. घुंगरू वाजंना म्हणून बगितलं तर कमरेला नायच. तिकडं घरात हाय का बगा. आईला सांगा, लगेच दुसरा...”

पुढचं त्याला ऐकू आलं नाही.

कारण झाडाकडून आवाज आला.

कट्.

एकच.

तो उठला. झाडापाशी गेला. झाडाखाली मातीत तीन खड्डे होते. ताजे. आणि त्यांच्या मधोमध ओमचा काळा करदोटा, घुंगरासकट. तुडीलला निघालेल्या पोराचा करदोटा, इथं.

त्यानं सगळी माती हातानं चाचपली. बारीक तुकडा नव्हता.

एकदाच कापलेला होता. दुसरा काप अजून व्हायचा होता.

सुहासनं तिथंच गुडघे टेकले. ते लोक माफी मागताना जमिनीला कपाळ लावतात, तसं लावलं. जपानी, मराठी, जे तोंडात येईल ते बोलत सुटला. आजी, चुकलो. आजी, तुझं झाड मी चोरलं. तुझा मुलगा म्हणून जेवलो आणि तुलाच संपवलं. माझा पोरगा सोड. त्याला काही माहीत नाही. माझा करदोटा घे, मला ने. त्यानं कमरेचा करदोटा ओढून तोडला आणि झाडापुढे धरला.

वर पानं हलली.

त्यानं डोकं वर केलं नाही. त्याला फक्त शिडीचे तीन पाय दिसत होते. जुन्या लाकडाचे. एक पाय करकरला, कुणीतरी एक पायरी खाली उतरावं तसा. मग अजून एक.

मग अगदी कानाजवळ...

“जेवरास का?”

तोच आवाज. पण हसू नव्हतं त्यात. मायेचा लवलेश नव्हता. गुन्हेगाराला विचारावं तसं विचारलं होतं.

“नाही आजी,” तो म्हणाला. “तेव्हापासून अन्न गोड लागलं नाही.”

त्यानं कपाळ आणखी मातीत रेटलं.

“आजी, त्याचा जीव घेऊ नकोस. बाकी काय कापायचं ते काप.”

हे वाक्य तो मला पुन्हा पुन्हा सांगतो. बाकी काय कापायचं ते काप. आपणच म्हणालो, म्हणतो.

कट्.

त्याच्या हातावर काहीतरी हलकं पडलं. काळ्या दोऱ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा.

तो किंचाळत घराकडे पळाला. फोन लावला. दोनदा नंबर चुकला. शेवटी रूपालीनं उचलला.

“ओम... ओम कसा आहे?”

“बरा हाय की,” ती म्हणाली. “मांडीवर हाय माझ्या. भात भरवतेय.”

मागून ओमचा आवाज आला, तो काहीतरी मागत होता. सुहास भिंतीला टेकून खाली बसला. देवाचं नाव, म्हातारीचं नाव, जे सुचेल ते घेत राहिला. तिनं ऐकलं होतं. तिनं सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तुडीलला गेला. रूपालीच्या माहेरच्या अंगणात ओम एका मांजरामागे धावत होता. कमरेला रूपालीच्या आईनं नवा करदोटा बांधलेला. सुहासनं दोन्ही हात पसरले आणि हाक मारली.

ओमनं बघितलं नाही.

सुहासनं त्याला उचलून घेतलं. आणि पोर असं ओरडलं, की सगळं घर बाहेर धावलं. आपल्याला जमिनीवरून कशानं उचललं तेच त्याला कळत नव्हतं. हवेत हातपाय मारत होतं. बापाच्या तोंडासमोर तोंड होतं, पण नजर आरपार. खाली ठेवल्यावर तो आईला जाऊन बिलगला.

रूपालीला वाटलं, आजा गेल्याचा धसका असेल. महाडला दाखवलं, डोळे दाखवले, कान दाखवले. सगळं ठणठणीत. आई, आजी, मामा, मी, सगळ्यांना ओळखतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही टाटा करतो.

सुहास आता वाडीत एकटाच असतो. आत्या माझ्याकडे महाडला आहे. मी त्याला म्हटलं, ते झाड तोड आणि निघून ये. तो म्हणतो, नको. तिनं एक फळ ठेवलंय, ते तिथंच राहू दे. मी हललो आणि तिचं मन फिरलं तर? झाड अजून आहे. फळही आहे. ते गळत नाही.

शिमग्याला मी त्याला जबरदस्तीनं मागे बसवून तुडीलला नेलं. म्हटलं, महिने झालेत, पोर विसरलं असेल ते खूळ. वाटेत त्यानं दासगावच्या नाक्यावर ओमसाठी लाकडी बैलगाडी घेतली. दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता.

आम्ही अंगणात शिरलो. ओम पायरीवर बसला होता. सुहास माझ्या पुढे गेला, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि बैलगाडी पुढे केली. हातभराचं अंतर नव्हतं दोघांत.

ओम त्याच्यातून बघावं तसा माझ्याकडे बघून हसला.

“मंगेशकाका,” तो म्हणाला, “तू एकटाच आलास?”